सगुनाचं अंडं

सुबिन, माझा भाऊ, दोहाला निघाला होता. काठमांडूतल्या आमच्या चौकात सगळे जमले होते आणि सकाळपासून आजीचं रडणं काही थांबत नव्हतं. तेवढ्यात पाठीवर भलीमोठी बॅग घेतलेला एक गोरा पोरगा गल्ल्या चुकत आत शिरला. आजच शहरात उतरलाय, उद्या ट्रेकला जायचंय, हॉटेल सापडत नाही, असं मला इंग्रजीत सांगू लागला. आजीनं फक्त बॅग पाहिली. एवढं ओझं घेऊन आमच्या चौकातला माणूस एकाच कामाला जातो, परदेशी राबायला.

तिनं त्याला दंडाला धरून सुबिनशेजारी बसवलं. "हाही चाललाय बिचारा! याला सगुन कोण देणार?"

निघणाऱ्याचा प्रवास शुभ व्हावा म्हणून आमच्याकडे देतात ते सगुन सुरू झालं. टिळा लागला. एका हातात उकडलेलं अंडं आलं, दुसऱ्यात सुका मासा. पोरगा पार गांगरला.

"खा मुकाट्यानं," मी म्हटलं. "नाहीतर सुटका नाही."

"किती वर्षांसाठी रे बाळा?" आजीनं विचारलं.

मी त्याला इंग्रजीत विचारलं, "किती दिवसांचा ट्रेक?"

तोंडात अंडं होतं. मासा मांडीवर ठेवून त्यानं दहा बोटं दाखवली, मग आणखी दोन.

"बारा वर्षं!" आजीनं त्याला पोटाशी धरलं. मग पदरानं डोळे पुसून सुबिनवर खेकसली, "आणि तू रे? तीनच तर वर्षं! तोंड पाडून काय बसलायस?"

पोरगा हळूच मला म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

आजीचे डोळे सकाळपासून पहिल्यांदाच कोरडे होते.

"छे," मी म्हटलं. "आणखी एक अंडं घे."