बोअरमधला कॅमेरा

आटलेल्या बोअरमध्ये कॅमेरा सोडायचा आणि पाणी कुठं दडलंय ते शोधायचं, हा बिभीषणचा धंदा. शिरूर कासारजवळ कडूबाईच्या शेतात त्यानं सामान मांडलं, तशी ती कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"दादा, आदी कॅमेऱ्याला कुंकू लावू द्या."

"मावशी, काच बरबटंल," बिभीषण हसला. "मशिनीला कसला आलाय देवधर्म?"

कडूबाईनं करंडा न उघडताच कमरेला खोचला.

केबल खाली सुटत गेली. वीतभर रुंदीच्या त्या भोकात, वरच्या पडद्यावर नुसता काळा खडक दिसत होता. ओलाव्याचा मागमूस नव्हता. कॅमेरा तळाला टेकला आणि पडदा एकाएकी लाल झाला. बिभीषणनं वायर हलवून पाहिली, उजेड वाढवून पाहिला. लालच.

"बिघडला वाटतं," म्हणत त्यानं कॅमेरा वर ओढून घेतला.

केबल कोरडी ठाक होती, धुळीनं माखलेली. काचेवर मात्र मधोमध कुंकवाचं बोट उमटलं होतं.

बिभीषणनं कडूबाईच्या कमरेकडं पाहिलं. करंडा तसाच बंद होता.

"ओलं हाय का बगा," ती म्हणाली.

त्यानं हात लावला. बोटाचं टोक लाल झालं, चिंब.

"मंग खाली पानी हाय," कडूबाई शांतपणे म्हणाली.