मागणी मान्य

"ही तलाठी भरती नव्हे, बाजार आहे! अख्खी भरती रद्द करा!" आमदार श्रीपतराव सभागृहात कडाडले. अशी मागणी ते दर अधिवेशनात करत आणि मंत्री 'तपासून पाहू' म्हणत बोळवण करत.

वर प्रेक्षक गॅलरीत त्यांची लेक बसली होती. बापाचं नाव कुठंही न सांगता, रात्रंदिवस अभ्यास करून ती याच भरतीत तलाठी झाली होती. "पैसे चारणाऱ्यांना सोडू नका, अण्णा," सकाळी तिनंच बजावलं होतं.

गॅलरीकडे एक नजर टाकून मंत्री हसत उठले. "सन्माननीय सदस्यांची मागणी मान्य. संपूर्ण भरती रद्द करण्यात येत आहे."

सगळे बाकं वाजवू लागले. "जिंकलात, श्रीपतराव!" शेजारचा आमदार म्हणाला.

आता 'थांबा' म्हणावं, तर लेकीसाठी फिरला म्हणतील.

वर न बघता त्यांनीही बाक वाजवला.