विसरलेली पटाशी

"पुरी गोल नको रं," राहीबाई म्हणाल्या. "एका अंगाला चापट ठेव. अंगठा बसाय पायजे."

रविराजनं लेथ बंद केली. कुपवाडच्या त्याच्या शेडमध्ये फाउंड्रीच्या ओतकामासाठी लाकडी पॅटर्न बनत. पटाशीला नवी मूठ घालून मागणारं गिऱ्हाईक त्याच्याकडं कैक वर्षांत आलं नव्हतं.

"कुठल्या हाताचा अंगठा, आज्जी?"

"डाव्या. डावरं हाईत ते."

त्यानं बाभळीचा तुकडा वाइसमध्ये आवळला आणि रंधा हातात घेतला. काल आणली तेव्हा पटाशीची जुनी मूठ वाळवीनं पोकळ केली होती, बोट लावताच भुगा झाली. पातं रात्रभर डिझेलमध्ये राहिलं. आता गंज निघून तिथं काळसर, गार चमक आली होती. धारही लागली होती. रविराजनं मनगटावरचे चार केस त्याच पटाशीनं काढून दाखवले होते.

"संध्याकाळच्या आत पोचायचंय," प्रियदर्शनी म्हणाली. राहीबाईंची ही नात गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत दारात उभी होती. "विट्याच्या रस्त्यानं गेलं तरी वेळ लागतोच."

"एवढी घाई?"

"दहिवडीजवळच्या एका सुताराची आहे ती. अंथरुणाला खिळलाय. नातू फोनवर सांगत होता, म्हातारा रोज हत्यारं गोधडीवर मांडतो आणि म्हणतो, एक कमी आहे."

"आणि ती कमी असलेली ही?"

"हीच," राहीबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची वस्तू घरात ठिवून मरायचं न्हाई मला. त्यांच्या हातात द्यायची. ते शुद्धीत हाईत तवर."

रंध्याखालून बाभळीच्या ढलप्या वळत वळत खाली पडू लागल्या. पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलं होतं, त्यात भुशाचे कण तरंगत होते. राहीबाईंनी एक ढलपी उचलली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

बहात्तरच्या दुष्काळात माणातली माणसं कामासाठी फलटणकडं उतरली होती. त्यात एक तरुण सुतार होता. राहीबाईंच्या माहेरी, चिंचेच्या सावलीत, तो त्यांच्या लग्नाचं सामान करायला बसला. पलंग झटक्यात झाला, कपाटही झालं. नवरानवरीच्या दोन पाटांना मात्र सगळा चैत्र लागला. नक्षी बारीक आहे, असं घरातले म्हणायचे. राहीबाई पाण्याचा तांब्या न्यायच्या आणि येताना चुलीसाठी ओटीत ढलप्या घेऊन यायच्या. हळदीच्या दिवशी सुतार गावाला निघून गेला. पटाशी चिंचेखालीच राहिली. लग्नाच्या गडबडीत मागून माणूस कोण धाडणार? ती सामानातून सासरी आली आणि ट्रंकेच्या तळाला गेली.

"मला वाटलं, आजोबांचीच हाय," रविराज म्हणाला.

राहीबाईंनी डोळे उघडले. "मानसिंगरावांची? आरं, ते सुभेदार. बंदूक साफ करतील दिसभर, पर खिळा ठोकायचा म्हणलं की गडी बोलवायचे. मानसिंगरावांना रंधा आणि पटाशी सारखीच."

रविराज हसायला लागला. "आज्जी, नवऱ्याचं नाव डायरेक घेताय की! आमची म्हातारी अजून 'रव्याचा आजा' म्हणती. रेशनच्या दुकानात बी तेच सांगितलं. मागचं सगळं ताटकळलं."

"आमची आजी पहिल्यापासून अशीच," प्रियदर्शनी म्हणाली. "लग्नात बायकांनी अडवलं, नाव घे म्हणाल्या. हिनं उखाणा नाही, काही नाही, सरळ 'मानसिंग' म्हटलं आणि घरात शिरली. सगळ्या गार."

"नाव घे म्हणल्या, घेतलं," राहीबाई म्हणाल्या. "त्यात लाजायचं काय?"

"आजोबा काय म्हणाले मग?"

"खूष झाले. पलटणीत सांगत फिरले, बायको सुधारलेली हाय म्हणून."

रविराजनं पात्याला ओलं फडकं गुंडाळलं. पटाशीची शेपटी गॅसवर लाल केली आणि मुठीच्या भोकात दाबली. धूर निघाला. जळक्या बाभळीचा गोडसर वास शेडभर पसरला. फुटू नये म्हणून त्यानं मुठीच्या डोक्याला लोखंडी कडं ठोकलं आणि पटाशी राहीबाईंच्या हातात दिली.

त्यांनी ती डाव्या हातात धरली. चापट जागेवरून अंगठा सावकाश फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"बसला का अंगठा?" रविराजनं विचारलं.

"बसंल," त्या म्हणाल्या.

प्रियदर्शनीचा फोन वाजला. ती बाहेर जाऊन बोलली आणि लगेच परत आली. "नातू होता. म्हातारा दुपारपासून जागा आहे. पण आजच या म्हणतोय, उद्याचं सांगता येत नाही."

राहीबाई लगबगीनं उठल्या.

"एक मिनिट," रविराज म्हणाला. "पात्यावर नाव घालून देतो. मशीन हाय माझ्याकडं. घरात लय हत्यारं असतील, म्हाताऱ्याच्या माघारी कुणाची कुठली कळायचं न्हाई. नाव असलं म्हंजे ज्याची त्याला राहती."

"घाल," राहीबाई म्हणाल्या. "बारीक घाल. पर पुसाय नको."

त्यानं पातं वाइसमध्ये धरलं आणि मशीन सुरू केलं. सुई पोलादाच्या वर थरथरत थांबली.

"सांगा आज्जी. काय नाव त्यांचं?"

राहीबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मान खाली गेली. सत्तरी ओलांडलेल्या त्या चेहऱ्यावर कानापर्यंत लाली चढली.

"प्रिये, तू सांग गं त्याला," त्या हळूच म्हणाल्या. "मी कसं घिऊ ह्यांचं नाव?"