खणभर रान

नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीतून आलेल्या पत्राला महादेवप्पा गुरुजींनी उत्तर दिलंच नव्हतं. ‘एक एकर जागा दाखवा, मुलींची शाळा देऊ,’ एवढंच पत्रात होतं. मुदत संपत आली होती आणि जागा नव्हती.

रुद्राणीची पोरगी सातवी होऊन घरी बसलेली. रुद्राणीनंच मठात बायका जमवल्या.

"गुरुजी, कायतरी सुचवा की."

चार माणसांपुढं बोलायचं म्हणजे गुरुजींना घाम फुटे. सुचलं ते पुस्तकातलंच. फिनिशियाची एक राणी होती, दिदो. भावाच्या जाचानं परमुलखात आली. एका बैलाच्या कातड्यात येईल तेवढी जमीन तिनं मागितली. लोक हसून हो म्हणाले. तिनं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, अख्ख्या टेकडीला वेढा घातला आणि तिथं नगर वसवलं. अजून तिच्यावर नाटकं होतात, गाणी होतात.

"बैलाचं कातडं? शिव शिव!" रेवणप्पांच्या पत्नी गौरम्मा ओरडल्या. "नंदी हाय तो, गुरुजी!"

गुरुजी ओशाळले. उगीच बोललो, असं त्यांना झालं. रुद्राणी मात्र गालात हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती रेवणप्पांच्या ओसरीवर गेली. वेशीबाहेरचं रान त्यांचं, तिघा भावांच्या सामाईकातलं. त्या साली दुष्काळानं पेराच नव्हता. पण चमडी जाईल, दमडी जाणार नाही, असा अप्पांचा लौकिक. धाकटे दोघे भाऊ तर शाळेला वीतभरही जागा द्यायला तयार नव्हते.

गौरम्मांनी खणानारळानं रुद्राणीची ओटी भरली. ती म्हणाली, "अप्पा, ह्या खणात येईल तेवढं रान शाळेला द्या."

"घराचा खण का चोळीचा? नीट सांग."

"चोळीचा."

धाकटे पोट धरून हसले. "द्या अण्णा! पोरी एका पायावर उभ्या ऱ्हाऊन शिकतील!"

"तुमचं दोघांचं हाव हाय न्हवं?" अप्पांनी भावांना विचारलं.

"हाव, हाव!"

अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शब्द दिला.

सोमवारी बायका रानात उतरल्या. खण उसवलेला, धाग्याला धागा गाठून लांबच लांब दोरा केलेला. तो बोरीपासून बांधापर्यंत गेला, वळला आणि परत बोरीला येऊन मिळाला. एक एकर भरलं. बायकांनी ढेकळांतच फुगड्या धरल्या.

भाऊ धावत आले. "अण्णा, फसवलं की हो ह्यांनी!"

"फसलो खरं," अप्पांनी कपाळाला हात लावला. "पन लिंगाला हात लावून बोललोय. तुम्ही बी हाव म्हणलात. आता काय करावं?"

गुरुजींनी उत्तर लिहिलं. टपालपेटीपुढं मात्र त्यांचा हात अडला. आपल्या गोष्टीनं एक माणूस नाडला गेला होता. वळून बघतात, तर मागं अप्पाच उभे.

"अप्पा, चूक माझी. ती गोष्ट मी..."

अप्पांनी आजूबाजूला नजर टाकली, गुरुजींच्या हातातलं पाकीट घेतलं आणि पेटीत सोडलं.

"खण पुरला म्हणून बरं, गुरुजी. न्हाईतर दुसरा उसवून बसलो होतो आम्ही, मी आन् गौरम्मा."