आईच्या मांडीवर

आईचा लॅपटॉप चार्जच होईना, तेव्हा मी बाह्या सरसावल्या. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, टूथपिकने पोर्टमधला कचरा अलगद काढला आणि चार्जरची पिन पुन्हा खोचली.

"डॉक्टरीणबाई, पेशंट वाचेल ना?" आईने लॅपटॉप मांडीवर घेत विचारलं.

"माझ्या हाताखालून गेलाय म्हटल्यावर वाचणारच!"

आणि खरंच, चार्जिंगचा दिवा लागला! दहा टक्के, वीस, तीस. मी नुसती नाचायची बाकी होते.

"गुणाची गं माझी बाय," आई जांभई देत म्हणाली. "एकदम गळून गेल्यासारखं का वाटतंय मला?"

"मग पड जरा. दे इकडे."

टेबलावर ठेवताच दिवा विझला. मी पिन हलवून पाहिली, वायर बदलली, पण छे! शेवटी वैतागून लॅपटॉप पुन्हा आईच्या मांडीवर ठेवला. दिवा लागला. साठ टक्के.

"बघ, तुझ्याकडूनच लाड हवेत त्याला!"

आई हसली नाही. तिचा हात गारठला होता.

तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. ते बटण मी परत चालू केलंच नव्हतं.

मी झडप घालून लॅपटॉप उचलला आणि छातीशी धरला.

दिवा विझला नाही.

मला जांभई आली.