एक्केचाळीस नंबरची खुर्ची

वायरमनने दोनदा बेल दाबली, मग त्याला आठवलं की ती बंद आहे. ती दुरुस्त करायचं मागच्या वर्षी त्याने काकूला कबूल केलं होतं. जगभरच्या बेली दुरुस्त केल्या, ही तेवढी राहिली. आणि आता काकूच राहिली नव्हती.

दार काकांनी उघडलं.

"ये. यंदा येशील असं वाटलं नव्हतं."

"न येऊन कसं चालेल, काका?"

एकोणीस वर्षं तो याच तारखेला या घरी येत होता. या तारखेला आपली फुटबॉल टीम पहिल्यांदा आणि शेवटचं कपच्या फायनलला उतरली होती, आणि ती बघायला तो आणि काकांचा एकुलता एक मुलगा ढांग्या असे दोघे परदेशात गेले होते. गेले दोघे, परत आला एक. स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ढांग्या गेला. तिथल्या पेपरात चार ओळी छापून आल्या, त्याही परक्या भाषेत. चूक कुणाची, तर म्हणे गर्दीची. गर्दीला कोण फाशी देणार? क्लबने एक हार पाठवला आणि पुढच्या मोसमाची तिकिटं महाग केली.

सामना संपल्यावर बाहेर पडताना झालं, असं वायरमनने येऊन सांगितलं. सांगणारा तोच एक होता.

काकूने तेव्हा अन्न सोडलं होतं. तिला एवढंच कळायला हवं होतं.

"गोल तरी बघितला ना रे त्याने?"

वायरमनने खिशातून फाडलेलं अर्धं तिकीट काढून तिच्या हातात ठेवलं होतं. हे त्याचं, म्हणाला, माझं गर्दीत कुठे पडलं देव जाणे. त्या दिवशी काकू दोन घास जेवली. एक्केचाळीस नंबरचं ते अर्धुक तिने फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं. तेव्हापासून दरवर्षी वायरमनने यायचं आणि पहिल्यापासून सगळं सांगायचं. त्या एका दिवसाच्या जोरावर ती पुढचं वर्ष ढकलायची. शेजारपाजारचे म्हणायचे, पोटचा नसला तरी पोटच्यासारखा धावतो. हे ऐकलं की वायरमन चपला शोधायला लागायचा.

काका कधी काही विचारायचे नाहीत. एकतीस वर्षं ते थिएटरवर डोअरकीपर होते. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती, फाडलेल्या तिकिटाची आणि अख्ख्या तिकिटाची. फाडलं तो आत, अख्खं तो बाहेर. स्वतःच्या लग्नात त्यांनी वऱ्हाडाकडे तिकिटं मागितली असतील, अशी गल्लीत चेष्टा चालायची. लहानपणी ही दोन पोरं एकाच तिकिटावर घुसायला गेली, तेव्हा त्यांनी वायरमनला आत सोडलं होतं आणि आपल्या पोराला कान धरून घरी पिटाळलं होतं.

काकांनी चहा आणला. काकूची खुर्ची तिच्याच जागी होती. दोघांपैकी कुणीच तिच्यात बसलं नाही.

"सांग," काका म्हणाले.

"तुम्हाला?"

"हो. तिला सांगायचास तसंच."

वायरमनने सांगितलं. दोन रात्री बसचा प्रवास, गुडघे हनुवटीला टेकलेले. ढांग्याच्या तंगड्या मधल्या वाटेत पसरलेल्या, आणि जो तो त्या ओलांडताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. सीमेवरचा अधिकारी पासपोर्टावरचा फोटो आणि रंगवलेलं तोंड आळीपाळीने बघत राहिला. शेवटी त्याने अर्धं तोंड धुवायला लावलं, तर हा बहाद्दर तसाच अर्धा हिरवा, अर्धा माणूस होऊन परदेशात शिरला. टीमचा मफलर एकच घेतला होता, तो आळीपाळीने गळ्यात घालायचे. ऊन मी म्हणत होतं, पण मफलर हवाच.

"खुर्च्या कुठे होत्या?" काकूचा हा प्रश्न ठरलेला असायचा. आज तो काकांनी विचारला.

"खांबाच्या मागे. त्याची एक्केचाळीस, माझी बेचाळीस."

मग त्र्याऐंशीवं मिनिट. उजवीकडून कॉर्नर आला, गोलकीपर एक पाऊल पुढे येऊन थबकला, आणि तेवढ्यात आपल्या सेंटर-हाफचं डोकं. ढांग्या खुर्चीवर चढला, मागचे ओरडले, तो काही खाली उतरेना.

इथे वायरमनचा आवाज दरवर्षी फुटायचा आणि काकू त्याच्या हातावर हात ठेवायची. आज आवाज फुटला आणि तसाच लोंबकळत राहिला.

काकांनी कप खाली ठेवला.

"गोल अगदी डोळ्यांसमोर उभा करतोस. एकोणीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाहिल्याशिवाय असं सांगता येत नाही कुणाला."

वायरमनने मान हलवली. त्याला बरं वाटलं.

काका उठले. कपाटातून त्यांनी प्लास्टिकची एक पिशवी काढली. ढांग्याचे अंगावरचे कपडे दवाखान्याने शवपेटीबरोबर पाठवले होते, ती पिशवी. काकूने तिला कुणाला हात लावू दिला नव्हता.

"आता उघडणार?" वायरमनने विचारलं.

"उघडली होती मी. पहिल्याच रात्री, तिचा डोळा लागल्यावर."

"बोलला नाहीत कधी."

"तू येऊन गेलास की ती जेवायची."

काकांनी भिंतीवरची फ्रेम उतरवून टेबलावर ठेवली. मग पिशवीतली पँट काढली, तिच्या मागच्या खिशात दोन बोटं घातली, आणि फ्रेमच्या शेजारी एक तिकीट ठेवलं.

नंबर बेचाळीस. अख्खं.