नवा गोठा

चंद्रभानकाकाच्या नव्या गोठ्यात रेडिओवरची मॅच संपली. देशाची नवी, तरुण फुटबॉल टीम चार गोलांनी हरली. गावच्या टीमचा कप्तान भुजंग आधीच वैतागलेला होता. चुना आणि कावेचे पट्टे ओढून त्याने शाळेच्या मैदानावर रोवलेले गोलचे दोन्ही खांब परवा कुणीतरी उपटून नेले होते, आणि रविवारी चुडाव्याची टीम खेळायला येणार होती.

"पोरं नवी हायेत, काका. दोन-चार वर्षांत तयार होतील," तो म्हणाला.

"काय खाक तयार होतेत! सारी निकम्मी!" काका उखडले. "अन् होणार कशी? गावोगावी मैदान पाहिजे, सामान पाहिजे. या देशात कुणाला पडलीय पोरांची? ज्याला जे घावलं ते त्यानं घरी नेलं!"

भुजंगने चिडून तोंड फिरवलं. समोरच छप्पर पेलणारी मेढ होती. तिच्यावरच्या हळदीकुंकवाखाली चुना आणि कावेचे पट्टे दिसत होते. तो ताडकन उठला आणि त्याने मेढीला हात घातला.



"हात काढ, भुजंगा! पूजा झालीय तिची. आता उपटली तर गोठ्याला लाभत न्हाई."